सोंगटी आणि माणूस

दिवाळी आली की महाराष्ट्राच्या अंगणांतून मातीचे किल्ले उभे राहतात. तटावर तोफा, दरवाजात भालदार, पायथ्याशी मावळे, आणि दगडांच्या फटींतून उगवलेले अळीव. आपल्या ख्रिस्ती घरांतील मुलेही शेजारच्या सवंगड्यांबरोबर हात चिखलात बुडवून त्यात रमतात, आणि पुढे काही आठवड्यांनी त्याच हातांनी नाताळचा गोठा सजवतात. या निरागस खेळाला कोणी आक्षेप घेणार नाही. परंतु हीच मुले मोठी झाल्यावर नकाशा पसरून, त्यावर पलटणींच्या सोंगट्या मांडून, फासे टाकून एखादी खरीखुरी लढाई पुन्हा खेळू लागली तर? जिथे खरी माणसे मेली, ती लढाई करमणुकीसाठी मांडणे उचित आहे काय? हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

असे युद्धखेळ पाश्चात्त्य देशांत फार लोकप्रिय आहेत, आणि आता आपल्याकडील शहरी तरुणांतही त्यांचे चाहते दिसतात. वास्तविक ही कल्पना आपणास परकी नाही. हत्ती, घोडा, रथ आणि पायदळ या सैन्याच्या चार अंगांवरून ‘चतुरंग’ नाव पडलेला आपल्या भूमीतील खेळच पुढे बुद्धिबळ म्हणून जगभर गेला. आधुनिक युद्धखेळाचा पाया मात्र प्रशियात घातला गेला. राइसविट्झ नावाच्या पितापुत्रांनी तो घडवला, आणि १८२४ साली पुत्राने सिद्ध केलेला खेळ तेथील सैन्याने अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी स्वीकारला. पुढे इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. खऱ्या युद्धाचा मूर्खपणा लोकांना कळावा, ही त्यांची त्यामागील एक इच्छा होती. दुसऱ्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. म्हणजे एकच खेळ एकाने युद्ध शिकण्यासाठी वापरला, तर दुसऱ्याने युद्धाचा वीट यावा म्हणून.

खेळाविषयी आपल्या परंपरेची दृष्टी कडवट नाही. संत थॉमस अक्विनास यांनी ‘सुम्मा थिओलॉजिका’ या ग्रंथात खेळाचा स्वतंत्र विचार केला आहे. ॲरिस्टॉटलचा ‘यूट्रापेलिया’ हा शब्द घेऊन ते सांगतात की प्रमाणात खेळणे हा सद्गुण आहे, आणि खेळाचा अतिरेक जसा दोष, तसाच खेळाचा सर्वथा अभाव हाही दोषच. शिणलेल्या मनाला विसावा हवा असतो. मात्र ते मर्यादाही घालतात: खेळात कोणाची हानी वा अमंगलता नसावी, मनाचा तोल सुटू नये, आणि तो खेळ व्यक्तीला, स्थळाला व काळाला साजेसा असावा. तेव्हा खेळावे की नाही हा आपला प्रश्न उरत नाही. काय खेळावे, आणि कोणत्या मनाने खेळावे, हा खरा प्रश्न आहे.

जगातील युद्धखेळांचे पट पाहिले तर वॉटर्लू, गेटिसबर्ग, नॉर्मंडी याच लढाया वारंवार दिसतात. आपल्याकडे कोणी पट मांडू म्हणेल तर त्याच्या ओठांवर पहिले नाव पानिपतचे येईल. या लढायांत नायक कोण आणि खलनायक कोण हे आपण आधीच ठरवून बसलेले असतो. दुर्लक्षित लढायांचे मोल आम्हांस वाटते ते येथे. तेथे आपल्या टाळ्या कोणासाठी हे आधी ठरलेले नसते, म्हणून विचार करावा लागतो.

अशी एक लढाई आपल्याच जालना जिल्ह्यात झाली. असई या गावी, केळणा आणि जुई या नद्यांच्या दुआबात, २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा आणि इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली समोरासमोर आले. दोनच दिवस आधी बदनापूर येथे वेलस्ली व कर्नल स्टीव्हन्सन यांनी दोन वाटांनी चालून जाण्याचे ठरवले होते. प्रत्यक्षात वेलस्लीची गाठ एकट्याचीच पडली. नदीला उतार नाही असे वाटाड्यांनी सांगितले. परंतु दोन काठांवर समोरासमोर पिंपळगाव आणि वरूड ही गावे पाहून त्याने ताडले की शेजारच्या गावांत येण्याजाण्याची वाट असणारच. तो उतार सापडला. तोच वेलस्ली पुढे वॉटर्लूचा विजेता ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, आणि उतारवयातही आपल्या कर्तृत्वाचा विषय निघाला की तो असईचे नाव घेई असे सांगतात.

इंग्रजी पुस्तकांतील असई बहुधा येथेच संपते: एका बुद्धिमान सेनापतीची चतुर चाल. पण शिंद्यांच्या बाजूला बसून हा पट खेळणाऱ्यास निराळी असई दिसते. शिंद्यांच्या कवायती पलटणींचा मुख्य अधिकारी पोलमन हा जर्मन होता. इंग्रजांच्या जाहीरनाम्यामुळे त्यांच्या नोकरीतील अनेक गोरे अधिकारी लढाईपूर्वीच सोडून गेले होते. तरीही शत्रू बाजूने येत आहे असे दिसताच त्या पलटणींनी शिस्तीने आपली आघाडी फिरवली. दोन्ही धनी लवकरच रणांगणातून निघून गेले, पण गोलंदाज आपल्या तोफा सोडून हलले नाहीत. कित्येक तोफांपाशीच पडले. काही जण प्रेतांमध्ये निपचित पडून राहिले, आणि इंग्रज पुढे सरकताच उठून त्यांनी तोफा मागे वळवल्या. इंग्रजांचे दीड हजारांहून अधिक लोक मृत वा जखमी झाले. शिंद्यांच्या ९८ तोफा त्यांच्या हाती पडल्या. त्या गोलंदाजांपैकी एकाचेही नाव आपणास ठाऊक नाही.

आणखी एक गोष्ट हा पट शिकवतो. ‘इंग्रजांची फौज’ म्हणून आपण जी सोंगटी सरकवतो, तिच्याखालील बहुसंख्य माणसे मद्रासकडील हिंदी शिपाई होती. भारतीय सेनेच्या मद्रास रेजिमेंटच्या बोधचिन्हात आजही जो हत्ती आहे, तो असईचीच आठवण सांगतो. उलट शिंद्यांच्या बाजूस सरधन्याच्या बेगम समरूच्या पलटणी होत्या. १७८१ साली बाप्तिस्मा घेतलेली ही कॅथलिक राज्यकर्ती पुढे सरधना येथील भव्य मंदिराची निर्माती ठरली. मग यात ‘आपले’ कोण आणि ‘परके’ कोण? असईच्या पटावर बसलेल्या तरुणाला या प्रश्नाचे सोपे उत्तर मिळू नये, हीच त्या खेळाची कमाई.

परंतु प्रत्येक पटाला कडा असतात, आणि कडेबाहेरचे दिसत नाही. पालखेडची मोहीम हे त्याचे उदाहरण. वैजापूर तालुक्यातील पालखेड येथे फेब्रुवारी १७२८ मध्ये पहिल्या बाजीरावांनी निजामाला मोठी लढाई न देता, केवळ वेगवान हालचालींनी, पाणी व रसद तोडून कोंडीत पकडले आणि मुंगी-शेवगावचा तह करावयास लावला. फार रक्त न सांडता मिळवलेला हा विजय पटावर मांडण्याजोगा खराच, आणि शत्रूची किती माणसे मारली यावर गुण मोजणाऱ्या खेळांस तो चांगला धडा आहे. तरीही त्याच मोहिमेच्या आरंभी, १७२७ च्या अखेरीस, जालना आणि सिंदखेडचा मुलूख लुटला गेला. पटावर घोडदळाची सोंगटी चार घरे पुढे जाते. प्रत्यक्षात ती चार घरे कोणाच्या तरी ज्वारीच्या शेतातून जातात. असईच्या युद्धापाठोपाठ, १८०३-०४ मध्ये, दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. फौजांची लुटालूट हेही त्याचे एक कारण होते. भुकेची सोंगटी सहसा कोणी कोरत नाही.

अलीकडील काही खेळकर्त्यांना ही उणीव जाणवलेली दिसते. ‘धिस वॉर ऑफ माइन’ या खेळात खेळाडू सेनापती नसतो. वेढलेल्या शहरात अन्न, औषध आणि ऊब शोधणाऱ्या सामान्य नागरिकांचे जीव त्याला राखायचे असतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गांधी’ या खेळात १९१७ ते १९४७ चा स्वातंत्र्यलढा मांडला असून त्यात अहिंसक चळवळ हीसुद्धा एक शक्ती म्हणून पटावर उतरते. रणवाद्यांच्या गजरात असे खेळ मागे पडतात. आमच्या मते ते अधिक पालकांनी पाहावेत, अधिक तरुणांनी खेळावेत.

तेव्हा घरातील मुलगा वा मुलगी युद्धखेळाचा पट पसरून बसली तर आईवडिलांनी रागे भरू नये. जवळ बसावे आणि दोनतीन प्रश्न विचारावेत. समोरच्या बाजूने खेळून पाहिलेस काय? ही सोंगटी उचलून डबीत टाकलीस, तेव्हा किती घरांतला दिवा विझला? आणि या नकाशावरील गावात राहणारी माणसे कुठे आहेत? खेळ त्या प्रश्नांनी मोडत नाही. उलट तो खोल होतो.

संत अगस्तीन यांनी म्हटले आहे की शहाण्या माणसाला न्याय्य युद्ध करावे लागले तरी त्याचे दुःख होईल, आणि ज्याला दुःख होत नाही त्याने माणुसकीच गमावली आहे. हीच कसोटी पटालाही लावावी. डाव संपल्यावर सोंगट्या डबीत जातात आणि उद्या पुन्हा उभ्या राहतात. असईच्या मातीत पडलेला गोलंदाज उभा राहिला नाही. हा फरक ज्याच्या मनातून क्षणभरही निसटत नाही, त्याने खुशाल फासे टाकावेत.