कॉट बेसिस

करमाळ्याच्या कमलाभवानीच्या देवळात सगळा हिशोब ९६ चा. खांब ९६, बारवेच्या पायऱ्या ९६ आणि ओवऱ्याही ९६. राव रंभा निंबाळकरांनी अठराव्या शतकात हे देऊळ बांधलं. जत्रेला आलेली पोरं खांब मोजतात, मी ओवऱ्यांकडं बघत बसतो. देवीला काही ओवरी लागत नाही, ती लागते वाटसराला. बांधणाऱ्यानं देवाबरोबर माणसाच्या रात्रीचाही विचार केला होता. पण त्या ओवरीत त्या काळी कोण टेकायचा आणि कोण बाहेर झाडाखाली थांबायचा, हे दगड सांगत नाहीत.

खिशात पैसे कमी आणि मुक्काम परगावी, अशा रात्री मी पुष्कळ काढल्या. सोलापूरला कांदा घेऊन गेलं की आडत्याच्या गाळ्यात पोत्यांवर झोपायचं. मुंबईला काम निघालं की तालुक्याच्या आमदाराची आमदार निवासातली खोली. खाटा दोन आणि सतरंजीवर पंधरा जण, याचा पाय त्याच्या तोंडाशी. नाहीतर लालबागच्या चाळीत नात्यातलं कोणीतरी असायचंच. सगळं फुकट. पण आडत्याच्या पोत्यावर झोपलेला माणूस सकाळी त्याच आडत्याला ‘कडता एवढा का धरला?’ म्हणून मोठ्यानं विचारत नाही. आमदाराच्या सतरंजीवर झोपलेल्याला पुढची पाच वर्षं त्याच्या गाडीमागं पळावं लागतं. आणि चाळीत आपण भिंतीकडं तोंड करून झोपतो तेव्हा घरधनी बाहेर जिन्यात झोपलेला असतो, हे आपल्याला ठाऊक असतं.

फुकटातलं हे सगळं मला कळत होतं. तरी फुकट ते फुकट, असंच मी धरून चाललो होतो. माझा एक जोडीदार होता, बौद्ध समाजाचा, दीड एकराचा धनी. १९८५ च्या आसपास आम्ही दोघं कार्तिकीच्या बाजारात बैल बघायला पंढरपूरला गेलो. रात झाली. मी म्हटलं, अमक्या धर्मशाळेत पडू, पैसे लागत नाहीत. तो म्हणाला, “तू जा. मी लॉजात जातो.”

“आरं, आठ रुपये खाटेला!” दिवसभर खुरपं चालवून जेमतेम तेवढे मिळायचे तेव्हा.

तो म्हणाला, “धर्मशाळेत आधी आडनाव इचारत्यात. मग गाव. मग म्हनत्यात, म्हंजे कोण तुम्ही? लॉजवाला फकस्त सुट्टे हायत का एवढंच इचारतो.”

मीही त्याच्याबरोबर गेलो. बाहेर पाटी होती, ‘कॉट बेसिसवर सोय’. एका लांब खोलीत दहा लोखंडी खाटा, एक पिवळा दिवा, आणि ढेकूण तर इतके की आठ रुपये आम्ही त्यांनाच दिले म्हणायचे. पैशाची बंडी उशाला आणि चपला बंडीखाली. रजिस्टरात ‘येण्याचे कारण’ असा रकाना होता. जोडीदारानं त्यात ‘बैल’ लिहिलं. नाव-आडनाव लिहावं लागलंच, पण मॅनेजरनं ते वाचलंसुद्धा नाही. गडी ढेकणांत घोरत पडला. मला काही झोप लागली नाही.

पंढरीत विठ्ठलाच्या देवळाचं दार १९४७ साली उघडलं, त्यासाठी साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. गाडगेबाबांना त्याच्या कितीतरी आधी कळलं होतं की देव भेटो न भेटो, रात्री पाठ टेकायला जागा लागते. त्यांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली, आणि १९४९ साली ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. एवढ्या धर्मशाळा उभ्या केल्या, पण स्वतः बाबा त्यात राहत नसत. लोक याला वैराग्य म्हणतात. मला वाटतं, आसरा देणाऱ्यानं मालकासारखं दारात बसू नये, हेही त्यात असावं.

तरी लॉजाची आरती मी ओवाळणार नाही. पैसा जात विचारत नाही हे खरं, पण तो दुसरंही काही विचारत नाही. बायकोला घेऊन टाटा हॉस्पिटलला होतो. पहिले चार दिवस एका लॉजात काढले. पाचव्या दिवशी बारा वाजता पोरगा दारात उभा, “पुढचे भरा, नाहीतर खोली सोडा.” आत ती बादलीवर वाकलेली. त्याचं चुकलं असं म्हणता येत नाही, तो खोली विकायलाच बसला होता. पुढं दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत नंबर लागला. तिथंही दारात विचारपूस होतीच. पण त्यांनी हॉस्पिटलची फाईल मागितली. आडनाव विचारणं आणि आजार विचारणं, दोन्ही प्रश्नच की. एकानं माणूस बाहेर राहतो, दुसऱ्यानं आत येतो. जोडीदार बायकोला बघायला आला, तेव्हा तिथला नळ, चूल, परमुलखातली माणसं, सगळं हिंडून बघितलं त्यानं. बोलला काहीच नाही. जाताना पाण्याचा एक हंडा भरून ठेवला.

आता पोरं मोबाईलवरच खोली घेतात, पैसे आधीच भरतात. मला वाटलं होतं, आता ‘म्हंजे कोण तुम्ही’ संपलं. आमच्या गावचा एक मुसलमान पोरगा कंदरची केळी घेऊन गाडीवर जातो. एका शहरात रात्री अकराला पोचला. खोली आधीच घेतलेली. गल्ल्यावरच्या माणसानं आधार कार्ड हातात घेतलं, वाचलं, आणि म्हणाला, रूम शिल्लक नाही. त्याच्या मागून आलेल्याला मात्र चावी मिळाली. पोरगा रात्रभर गाडीच्या केबिनमध्ये झोपला.

मी विचारलं, “पैसे दिले का माघारी?”

“दिले की काका. मोबाईलवर, तिथल्या तिथं.”