कठोर बोलाचा धनी कोण

सोबत काम करणाऱ्यांत एक जण दुसऱ्याला तोडून बोलतो, तेव्हा तो दोष कोणाचा धरायचा? गीतेच्या सोळाव्या अध्यायात पारुष्य, म्हणजे बोलण्यावागण्यातला कठोरपणा, आसुरी संपत्तीत मोजला आहे. पुढच्याच अध्यायात समोरच्याला उद्वेग न आणणारे, खरे, प्रिय आणि हिताचे बोलणे हे वाणीचे तप ठरते. बौद्ध अष्टांगमार्गातही सम्यक वाचेला स्वतंत्र जागा आहे. या सगळ्या विचारात बोलाचा धनी बोलणारा एकटा माणूस असतो. तो विचार खरा आहे, पण तेवढ्याने भागत नाही. एकच माणूस एका टोळीत समजूतदार आणि दुसऱ्या टोळीत तिरसट का वागतो, हे त्यातून कळत नाही.

शहापूर तालुक्यातल्या भातसा नदीकाठच्या सापगावापासून मुरबाडपर्यंतचा मुलूख भाताचा. आषाढात आवणी सुरू झाली की पाऊस धरून आहे तोवर रोप लागले पाहिजे, अशी सगळ्यांची घाई असते. जिथे सावड चालते तिथे आज एकाच्या खाचरात, उद्या दुसऱ्याच्या, असे हातांचे देणेघेणे असते. गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायांच्या रांगेत एखादी मागे पडली की शेजारची म्हणते, "अगं, झोपलीस का? हात चालव." मागे पडलेली तेवढ्याच जोरात उत्तर देते आणि रांग पुढे सरकते. शब्द कठोरच असतात, पण उद्या हिच्या खाचरात तिला यायचे आहे हे दोघींना ठाऊक असते, आणि उलट बोलण्याची मुभा दोघींना सारखी असते.

तोच "हात चालव" वीटभट्टीवर मुकादमाच्या तोंडून येतो तेव्हा त्याचा अर्थ पालटतो. हंगामाआधी उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेले कुटुंब हिशेब फिटेपर्यंत भट्टीला बांधलेले असते. तिथे उत्तर देता येत नाही. न दिलेले उत्तर मग खाली उतरते: नवरा बायकोवर खेकसतो, थोरला धाकट्यावर. वरून पाहणाऱ्याला ही माणसे भांडकुदळ वाटतात, कारण भांडण त्यांच्यात दिसते आणि त्याचे मूळ उचलीच्या वहीत असते. कारखान्यातही कायम आणि कंत्राटी कामगार एकाच यंत्रावर उभे असले तर असेच घडू शकते. बरोबरीच्या माणसांतही धोका आहेच. लिन अँडरसन आणि क्रिस्टीन पिअरसन यांनी 1999 मध्ये मांडले की कामाच्या ठिकाणचा छोटा उद्धटपणा परतफेडीने वाढत जातो आणि शेवटी उघड वैरापर्यंत पोहोचू शकतो.

ही वाढ बौद्ध परंपरेने फार पूर्वी नोंदवली आहे. कोसंबीच्या संघात एका भिक्खूने शौचाच्या जागी भांड्यात पाणी शिल्लक ठेवले, एवढेच निमित्त झाले. त्यावरून दोन गुरूंत वाद पेटला: एक विनयाचा, म्हणजे संघाच्या नियमांचा, जाणकार, दुसरा धम्माचा. दोघांचे शिष्य आपापल्या गुरूच्या बाजूने उभे राहिले आणि क्षुल्लक चूक संघ फोडण्यापर्यंत गेली. बुद्धांनी समजावूनही कोणी ऐकले नाही, तेव्हा ते एकटे वनात निघून गेले. पुढे उपासकांनी भिक्षा थांबवल्यावर भिक्खू ताळ्यावर आले. गुरूवरची निष्ठा हा एरवी सद्गुण. इथे त्यानेच कटुता पोसली. टोळीतली जवळीक माणसाला आपल्यांशी मऊ करते आणि पलीकडच्यांशी कठोर करू शकते, हे या कथेइतके स्पष्ट क्वचितच कुठे दिसते.

म्हणून केवळ उपदेशावर न थांबता परंपरांनी रीती घालून दिल्या. वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, सगळ्यांना 'माऊली' म्हणतात. पण त्याहून मोलाची रीत ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यातल्या समाज आरतीची आहे. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याला शिस्त लावली. मुक्कामाच्या तळावर चोपदार दंड उंचावतो आणि टाळ थांबतात. एखाद्या दिंडीची तक्रार असली तर तिचे टाळ मात्र वाजतच राहतात. चोपदार तिच्याकडे जातो, म्हणणे ऐकून घेतो, आणि मगच आरती होते. दिवसभराची कुरबूर मनात साठू न देता सगळ्यांसमोर मांडायची सोय इथे आहे, तीही शिवीगाळीशिवाय. एका दिंडीसाठी अवघा समाज थांबतो, यात तिचा मान आहे.

बौद्ध संघातली वर्षावासाच्या शेवटची पवारणा ही रीतही याच कुळातली. तीन महिने एकत्र राहिलेले भिक्खू एकमेकांना विनवतात की, माझ्यात काही दोष पाहिला, ऐकला किंवा शंका आली असेल तर सांगा. क्रमही महत्त्वाचा आहे: आधी थेर, म्हणजे ज्येष्ठ भिक्खू, विचारतो, मग धाकटे. अधिकार असलेल्याने आधी वाकावे, म्हणजे धाकट्याचे तोंड उघडते.

या दोन्ही रीतींना एक अट आहे. कठोर बोल ऐकणाऱ्याला सोडून जाण्याची मोकळीक हवी. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या ज्या लग्नगड्यांचे जिणे मांडले, त्यांना ती नव्हती. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी ते सावकाराकडे राबत. वेठबिगारी 1976 च्या कायद्याने रद्द झाली, तरी उचलीने अडकलेल्या मजुराला आजही सहज निघता येत नाही. अंगावर थुंकणाऱ्यावर न रागावणाऱ्या एकनाथांची गोष्ट अशा मजुराला सांगणे अन्यायाचे आहे. नाथांची शांती त्यांनी स्वतः निवडलेली होती. मजुराचे गप्प राहणे कर्जाने लादलेले असते. तिथे सम्यक वाचेचा पहिला पाठ मुकादमाला आणि मालकाला लागू होतो, आणि उचलीचा हिशेब उघड मांडणे हा त्याच पाठाचा भाग आहे.