किती किलोची?

माझ्याकडची बोआ सापाची मादी गाभण आहे की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. आणि हे न कळणं मला सोसत नाही. ती अशी अंगावर कलून, पोट अर्धं वर करून का पडली आहे? उबेच्या कोपऱ्यातून हलत का नाही? उंदीर समोर धरला तर तोंड का फिरवते? शेपटीकडचा भाग खरंच जाड झालाय, की तो मला जाड दिसायला हवा आहे? या साऱ्या टेहळणीला मी घरात काळजी म्हणतो. बायकोने विचारलं तरी हेच उत्तर देतो. एकट्याने विचार करू लागलो की मात्र ते उत्तर पटत नाही.

बोआ अंडी घालत नाही. पिलं आईच्या पोटातच वाढतात आणि जिवंत जन्माला येतात, त्यामुळे बाहेरून दिसण्यासारखं फार थोडं असतं. बीज सुटतं तेव्हा मादीच्या शरीराच्या मध्यावर एक ठळक फुगवटा येतो. तो जेमतेम दिवसभर टिकतो आणि नुकत्याच खाल्लेल्या उंदराच्या फुगवट्यासारखाच दिसतो. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी ती कात टाकते. बोआ पाळणारे या कातीची तारीख लिहून ठेवतात, कारण तिथून साधारण शंभर ते एकशेवीस दिवसांत पिलं होतात. माझ्या मादीनेही कात टाकली आहे. पण साप एरवीही कात टाकतो! फुगवटा मी पाहिला असं मला वाटतं. किती खात्रीने? दुसऱ्या कुणी एवढ्या पुराव्यावर काही सांगितलं असतं तर मी मानलं नसतं. ऊब शोधणं, अन्न नाकारणं, कलून पडणं ही गाभणपणाची लक्षणं खरी, पण हिवाळ्यात धडधाकट बोआही खाणं सोडतात, आणि आजारी साप उबेला चिकटून राहतो. म्हणजे ज्या खुणांवरून मी आनंदी होतो, त्याच खुणांवरून मला धास्ती वाटायला हवी. ती वाटत का नाही?

सोनोग्राफीने बरंचसं कळेल. इथे, शिकागोच्या उपनगरात, सरपटणारे प्राणी तपासणारे डॉक्टर मिळतात. पण कळल्यावर मी वेगळं काय करणार? उबेची जागा एकतीस-बत्तीस अंशांवर ठेवायची, ती आत्ताही आहे. मोठं सावज द्यायचं नाही, ते आत्ताही देत नाही. उगाच उचलायचं नाही. एवढंच तर आहे. तब्येत बिघडल्याची चिन्हं दिसली तर गोष्ट वेगळी, तेव्हा क्षणाचाही विचार न करता नेईन. पण आज तिला पेटीतून काढून, थंडीतून गाडीने नेऊन, परक्या हातांत देऊन जी माहिती मिळेल, तिचा उपयोग कुणाला? तिला तर नाही. काही जण अंगठ्याने पोट चाचपून गाठी मोजतात. तशाने आतल्या जिवाला इजा होऊ शकते हे मला माहीत आहे, तरी माझे हात शिवशिवतात. ज्याला मी काळजी म्हणतो, तिने माझे हात मागे ओढायला हवे होते, नाही का?

याच सुमारास फलटणकडच्या चुलतभावाचा फोन आला. बोलता बोलता त्याने विचारलं, “दादा, तो तुझा साप किती किलोचा झाला?” मला एकदम राग आला. आमच्याकडे मांडुळाबद्दल हाच प्रश्न विचारतात. मांडूळ हाही बोआच्या गोतातला, पिलं देणारा, बिनविषारी आणि अतिशय गरीब साप. शेपूट बोथट असते म्हणून लोक त्याला दुतोंड्या म्हणतात. गुप्तधन मिळतं, पैशांचा पाऊस पडतो, असल्या समजुतींपायी त्याची तस्करी चालते, आणि वजन वाढेल तसा भाव वाढतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पकडायला आणि विकायला बंदी आहे, तरी मांडूळ विकताना माणसं पकडल्याच्या बातम्या महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांत येतच असतात. मी भावाला बरंच सुनावलं. अंधश्रद्धा, मुका जीव, कायदा, सगळं. तो बिचारा गप्प ऐकून घेत होता. त्याने तर फक्त कुतूहलाने विचारलं होतं.

फोन ठेवल्यावर मी आतल्या खोलीत गेलो. तिथल्या वहीत त्याच्या प्रश्नाचं उत्तर लिहिलेलं होतं. सात किलो, आणि त्यापुढे ग्रॅम. शेजारी गेल्या वेळचं वजन, दोन्हींतला फरक, फरकाखाली रेघ. पानाच्या दुसऱ्या बाजूला आणखी एक गणित. माझा नर अल्बिनो आहे, केशरी-पिवळा. मादी दिसायला साधी, तपकिरी, पण अल्बिनोचा गुण तिच्यात सुप्त आहे. अशा जोडीच्या प्रत्येक पिलाला अल्बिनो होण्याची शक्यता निम्मी. समजा वीस-पंचवीस पिलं झाली, तर अल्बिनो किती, एकाची किंमत किती, एकूण किती? हे मी मांडलं होतं. गाभण आहे की नाही हे ठरण्याआधीच!

भावाच्या गावातला माणूस धनासाठी साप तोलतो आणि मी शास्त्रासाठी तोलतो, हा फरक मी इतकी वर्षं धरून होतो. फरक आहेच. मी साप रानातून पकडलेला नाही, त्याला उपाशी ठेवत नाही, कायदा मोडत नाही. पण वही उघडी समोर असताना हा फरक जेवढा मोठा वाटायला हवा होता, तेवढा वाटला नाही. रंगाचा हव्यासही काही कमी नाही. बोआमध्ये मॉटली नावाचा एक नक्षीदार प्रकार आहे. दोन मॉटलींची जोडी लावली की काही पिलं गडद काळी निपजतात, आणि ती बहुतेक फार जगत नाहीत. हे माहीत असून जोड्या लावल्या जातात. मी लावलेली नाही. पण त्या काळ्या पिलांची छायाचित्रं मी कितीतरी वेळ पाहत बसलो आहे.

एक चांगलं काम मी केलं, असं समजत होतो. बोआंना एक जीवघेणा रोग होतो, पेशींमध्ये विचित्र गोळे साठतात, साप ओकू लागतो, तोल जाऊन आकाशाकडे पाहत राहतो. कित्येक वर्षं कारण कळत नव्हतं, २०१२मध्ये त्यामागचे विषाणू सापडले. ते आईकडून पिलांतही उतरतात. म्हणून जोडी लावण्याआधी मी दोघांची तपासणी करून घेतली. निर्दोष अहवाल आला तेव्हा आधी काय मनात आलं? पिलं निरोगी होतील हे, की हा कागद दाखवून भाव बरा मिळेल हे? दोन्ही आलं असणार. कुठलं आधी, ते मला प्रामाणिकपणे सांगता येत नाही, आणि न सांगता येणं हेच बोचतं.

मग पिलांचं काय? एका वेळी दहाही होतात, साठही होऊ शकतात. बोआ नीट सांभाळला तर वीस-तीस वर्षं जगतो. फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातला पॉपाय नावाचा बोआ चाळीस वर्षांचा होऊन १९७७मध्ये गेला. आमच्याजवळ टिनली पार्कला सरपटणाऱ्या प्राण्यांचा मोठा बाजार भरतो, तिथे टेबलांवर पारदर्शक डब्यांत एकेक पिलू ठेवलेलं असतं. ते हातभर लांबीचं पिलू घेऊन जाणाऱ्याला दहा वर्षांनंतरचा सहा-सात फुटी साप दिसत असेल का? नको झालेले बोआ कुठे जातात, याची उत्तरं नकाशावर आहेत. मेक्सिकोच्या कोसुमेल बेटावर १९७१मध्ये काही बोआ सोडले गेले आणि आज ते बेटभर आहेत. १९९९मध्ये अरुबा बेटावर पहिला बोआ दिसला. पोर्टो रिकोत आणि दक्षिण फ्लोरिडातही त्यांनी बस्तान बसवलं आहे, आणि तिथले पक्षी, सरडे त्याची किंमत मोजताहेत. २०१५मध्ये अमेरिकेच्या वन्यजीव खात्याने घातक परकी प्रजातींच्या यादीत चार मोठे साप घातले आणि बोआला वगळलं. मला तेव्हा हायसं वाटलं होतं. अरुबाच्या पक्ष्यांचा विचार त्या सुटकेत कुठेच नव्हता.

२०१०च्या सुमारास नॉर्थ कॅरोलायनातल्या एका बोआ मादीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन वेतांत मिळून तिला बावीस पिलं झाली, सगळ्या माद्या, सगळ्यांचा रंग आईचा. पेटीत नर होते, पण पिलांत कुठल्याच नराचा अंश नव्हता. आईने ती एकटीने घडवली होती. मी हे पूर्वी एक नवल म्हणून वाचलं होतं. आता वाटतं, माझ्या वहीतल्या त्या गणिताला माझी मादी बांधील आहे, हे मी कशावरून गृहीत धरलं? मी रात्रीचं तापमान महिनोनमहिने उतरवलं, नर आणून सोडला, त्याने पायांच्या उरल्यासुरल्या नख्यांनी तिला कुरवाळताना पाहिलं, आणि मनाशी म्हटलं की आता हे घडणार. कदाचित पिलं होतील. कदाचित फक्त पिवळट, न फळलेली अंडी बाहेर पडतील. तसं झालं तर मला वाईट वाटेल, हे लपवण्यात अर्थ नाही. पण त्या वाईट वाटण्यात तिचा वाटा किती असेल? तिच्या अंगातली चरबी तर दोन्हीकडे खर्च होणारच. व्यालेली मादी कातडी लोंबेपर्यंत खंगते, भरून यायला तिला वर्ष आणि कधी त्याहून जास्त लागतं. रानात ती दरवर्षी वीत नाही. पेटीतल्या मादीला दरवर्षी व्यायला लावणारे आहेत, आणि पुढच्या हिवाळ्याचा विचार मीही या पोटाचा निकाल लागण्याआधीच सुरू केला होता.

तो विचार सोडला आहे. या वेळी काहीही होवो, पुढच्या हिवाळ्यात पेटी थंड करायची नाही. नर दुसऱ्या खोलीत हलवला आहे. वजनाचा काटा वर ठेवून दिला, आता तापमान तेवढं लिहितो. याने माझं मन स्वच्छ झालं का? नाही. किमतीचा आकडा मला अजून पाठ आहे. पण एक गोष्ट ठरवता आली. ज्याला पूर्ण वाढीचा बोआ मी आधी हाताळायला देईन, आणि तरीही जो पिलू मागेल, त्यालाच ते द्यायचं. बाकीची इथेच राहतील. मोठ्या बोआला निदान सहा फूट लांब आणि दोन फूट रुंद पेटी लागते. तळघरात अशा किती मावतील, ते सध्या टेप घेऊन मोजतो आहे, आणि आकडा पंचवीसच्या जवळपासही जात नाही.