लाह्यांचे छत

अमेरिकेतल्या जुन्या घरांत छताला लाह्या चिकटवल्यासारखा खरबरीत लेप असतो. तिथे त्याला पॉपकॉर्न सीलिंगच म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर घरे भराभर उभी राहिली. जिप्सम बोर्डाचे सांधे एकजीव करायला हात हवा, वेळ हवा. लेप फवारला की सगळे झाकले जाई. आवाज घुमत नाही, हा गुणही सांगण्यात आला. उणीव झाकायला जे केले, त्याला माणूस कालांतराने शोभा म्हणू लागतो.

वरच्या न्हाणीघरातून पाणी झिरपते. तपकिरी कडांचा डाग उमटतो. लेप फुगतो आणि बोट लावताच गळतो.

गळती थांबवली की काम संपले असे वाटते. डागावर साधा पांढरा रंग देतात. महिन्याभरात डाग त्यातून वर येतो. आधी लाखेचा प्रायमर लागतो. (लाख अजूनही बरीचशी भारतातूनच जाते.) घाईने रंगवलेले काहीच लपत नाही, थोडे उशिरा दिसते, इतकेच.

अवघड आहे तो खरबरीतपणा जुळवणे. फवाऱ्याचा डबा बाजारात मिळतो. आधी पुठ्ठ्यावर मारून दाणा पाहायचा, मग छताकडे वळायचे. गुळगुळीत पृष्ठावर इजा दिसते, खरबरीत पृष्ठावर दुरुस्ती. मूळ कारागीर दुपारच्या जेवणाचा विचार करत फवारून गेला होता. नक्कल करणारा दाणा दाणा मोजतो आणि तिथेच सापडतो. दुसऱ्याचा बेफिकीरपणा कष्टाने साधत नाही.

शिवाय ठिगळ पांढरेशुभ्र असते. ते उठून दिसू नये म्हणून सगळे छत रंगवावे लागते. कधीच न रंगवलेल्या लेपावरून ओला रोलर दोनदा फिरला, की लेपच रोलरला चिकटून येतो. हातभर जागेसाठी खोलीभर काम निघते.

अशा लेपात पूर्वी ॲस्बेस्टॉस असे. १९७८ साली तो फवारण्यावर तिथे बंदी आली. त्याआधीचे छत खरवडण्यापूर्वी तुकडा तपासायला पाठवतात. धक्का लागला नाही तर ते सहसा अपाय करत नाही. खरवडले की तंतू हवेत येतात, मग छातीत जातात. म्हणून पुष्कळ जण त्याला हात लावत नाहीत. खालून नवे बोर्ड ठोकतात. खोली अर्ध्या इंचाने बुटकी होते. कुटुंबांतही काही जुन्या गोष्टी अशाच ठेवलेल्या असतात. त्यांच्याविषयी कोणी बोलत नाही. सगळे किंचित वाकून वावरतात आणि त्याला घरचे वळण समजतात.

दिवसा ठिगळ कळत नाही. संध्याकाळी ऊन खिडकीतून आडवे शिरते, तेव्हा प्रत्येक दाण्याला सावली फुटते. पाहुणे वर पाहत नाहीत. शिडीवर चढलेला माणूस मात्र खुर्ची जरा वळवून बसतो. एका घरातली खुर्ची अजून तशीच वळलेली आहे.