पाटी घेतलेला माणूस

ईडन प्रेरी, मिनेसोटा
10 जानेवारी

चि. सोनू,


494 महामार्गावरून फ्लाइंग क्लाउड ड्राइव्हला उतरताना पुठ्ठ्याची पाटी घेऊन उभा असलेला माणूस दिसला, तू काच खाली केली नाहीस आणि रात्रभर तेच डोक्यात घोळत राहिलं, असं काल फोनवर म्हणालीस. ‘खरंच गरजू असेल का गं मावशी?’ हा तुझा प्रश्न. खरं सांगू? तो प्रश्नच सोडून दे. लाल दिव्यापुरत्या थांबण्यात कुणाची चौकशी होत नसते. शून्याखालच्या थंडीत उघड्यावर उभं राहायची कुणाला हौस नसते, एवढं कळलं तरी पुरे.

ठरवायचं ते घरी, चहा घेताना. मी महिन्याला द्यायचा आकडा ठरवून घेतला आहे. त्यातला मोठा वाटा गावातल्या ‘प्रॉप’ या फूड शेल्फला जातो. 1971 पासून ते ईडन प्रेरीतल्या घरांना शिधा देतात. हो, इथल्याच घरांना! भाडं भरल्यावर किराण्याला काही उरत नाही अशी माणसं या नीटनेटक्या गावातही आहेत. हातात पाटी नसते, म्हणून आपल्याला दिसत नाहीत.

उरलेल्या पैशांतून गाडीच्या कप्प्यात लोकरी मोजे, हातमोजे आणि कॉफीच्या दुकानाची गिफ्ट कार्डं ठेवते. कार्डं कशाला? सरकारी मदतीच्या फूड स्टॅम्पवर तांदूळ, डाळ, दूध मिळतं. गरम तयार जेवण सहसा मिळत नाही, साबण नाही, बाळाचे डायपर नाहीत. आणि ज्याला घरच नाही, तो डाळ शिजवणार कुठे? कार्डावर गरम सूप मिळतं, शिवाय गिऱ्हाईक म्हणून तासभर उबेत बसता येतं. जानेवारीत ते बसणं सुपापेक्षा मोलाचं. रोख द्यावीशी वाटली तर खुशाल दे, पण त्याचं पुढे काय झालं ते विचारू नकोस. तुझ्या पगाराचा हिशेब मी मागते का?

द्यायचं नसेल तेव्हा डोळ्यांत बघून मान हलव. फोनमध्ये तोंड खुपसू नकोस. दिवा हिरवा झाल्यावर मात्र काहीही पुढे करू नकोस, समोरचा माणूस ते घेण्यासाठी चालत्या गाड्यांमध्ये धावेल. कुणी थंडीनं बरळताना दिसलं तर 911 लाव. निवाऱ्याची चौकशी 211 वर होते.

तुझे पणजोबा पुण्यात माधुकरी मागून शिकले, हे तुला कुणी सांगितलं नसेल. आपल्या घरात त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. एका घरी त्यांना नेहमी शिळी भाकरी मिळायची. पण त्या घरची बाई त्यांना नावानं हाक मारायची. म्हातारपणी बाकीची घरं ते विसरले होते, ते एक घर तेवढं आठवायचं.

शनिवारी येताना कॉस्टकोतून मोज्यांचा एक गठ्ठा आण. माझ्याकडचे संपलेत.

तुझी,
मावशी