साध्या बैठकीची कसोटी

चार स्नेह्यांस सहज घरीं बोलवावें, त्यांच्यापुढें एखादा गोड पदार्थ ठेवावा आणि दोन घटका गप्पागोष्टींत घालवाव्या, यांत नीतिशास्त्रानें लक्ष घालावें असें काय आहे, असा प्रश्न कोणीहि विचारील. मेजवानीच्या डामडौलावर विचारवंतांनीं फार पूर्वींपासून टीका केली आहे. साधी बैठक मात्र साधी या एकाच गुणावर निर्दोष सुटते. परंतु हा साधेपणा नेमका कोणाच्या दृष्टीनें साधा, हें विचारूं लागलें म्हणजे बाब वाटते तितकी सोपी राहत नाहीं.

डामडौलाविरुद्धचा पक्ष बळकट आहे, यांत संशय नाहीं. आरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्राच्या चौथ्या भागांत अभिरुचिहीन खर्चिकाचें वर्णन केलें आहे. मित्रमंडळाच्या लहानशा भोजनास हा गृहस्थ लग्नाच्या जेवणावळीइतका खर्च करतो. त्याला पाहुण्यांस तृप्त करावयाचें नसतें, आपली श्रीमंती त्यांना दाखवावयाची असते. मार्सेल मॉस या फ्रेंच पंडितानें १९२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या दानविषयक निबंधांत याचीच दुसरी बाजू उघड केली. देणगी दिसावयास स्वेच्छेची असली तरी ती घेणारावर परतफेडीचें बंधन टाकते. दहा पक्वान्नें जेवून उठलेला पाहुणा पुढच्या खेपेस आपल्या घरीं बारा कशीं व्हावींत, याच विवंचनेंत घराची वाट धरतो.

वाटीभर खिरीचें ऋण असें कोणास जाचत नाहीं. शिवाय गोडाचें एक वैशिष्ट्य आहे. भाकरी भुकेसाठीं असते. गोड हें भूक भागल्यावरहि खातां येतें, म्हणून तें स्नेहाची खूण होऊं शकतें. संक्रांतीचा तिळगूळ चिमटींत मावतो, पण वर्षभराचा अबोला सोडविण्यास तेवढें निमित्त पुरतें. तेव्हां थोडी माणसें, एक गोड पदार्थ आणि मोकळें संभाषण, हा आतिथ्याचा उत्तम प्रकार होय, असें म्हणावयास हरकत दिसत नाहीं.

हरकत आहे ती निराळ्याच ठिकाणीं. कांटनें १७९८ सालच्या आपल्या मानवशास्त्रावरील ग्रंथांत पंगतीच्या संख्येस मर्यादा घातली आहे: ग्रीक पुराणांतील तीन सौंदर्यदेवतांहून ती कमी नसावी आणि नऊ कलादेवतांहून अधिक नसावी. नियम सुंदर आहे. परंतु कांटच्या घरीं स्वयंपाकीण होती आणि लांपे नांवाचा नोकर होता, त्यांची गणना या नवांत नाहीं. प्लेटोच्या 'सिंपोझियम'मध्यें रात्रभर प्रेमतत्त्वाचा ऊहापोह चालतो. पण बांसरी वाजविणारीस आरंभींच निरोप मिळतो, आणि घरच्या स्त्रिया आंतच असतात.

आपल्याकडे निराळें काय घडतें? "कांहीं विशेष नाहीं, साधेंच आहे, पुरणपोळीला या," असें यजमान म्हणतो. हरभऱ्याची डाळ शिजवावयाची, गूळ घालून पुरण आटवावयाचें, तें वाटावयाचें, कणीक तिंबावयाची. आणि पाट्यावरवंट्याची जागा यंत्रानें घेतली असली तरी पोळी तव्यावरून ऊन ऊन पानांत पडावी म्हणून करणारीनें शेवटच्या पाहुण्यापर्यंत शेगडीपुढें उभें राहावयाचें. बाहेर वाद रंगतो, हंशा पिकतो; तिला तो भिंतीपलीकडून ऐकूं येतो. यजमान पैशाची जी काटकसर साधेपणा म्हणून मिरवितो, ती दुसऱ्याच्या श्रमांची उधळपट्टी असते.

म्हणून बैठकीच्या साधेपणाची कसोटी खर्चांत किंवा पदार्थांच्या संख्येंत शोधूं नये. ज्या व्यक्तीनें तो पदार्थ केला, ती व्यक्ति आरंभापासून शेवटपर्यंत बैठकींत बसूं शकते काय, एवढेंच विचारावें. मग कोणता पदार्थ करावा हा केवळ रुचीचा प्रश्न राहत नाहीं. त्यांत न्यायाचाहि अंश येतो. श्रीखंडासाठीं दही आदल्या रात्रीं फडक्यांत टांगलें, सकाळीं चक्का साखरेशीं फेंटून वेलदोडा व केशर घातलें, कीं सायंकाळीं वाट्या भरण्यापलीकडे काम उरत नाहीं. आणि वाट्या भरण्यास व मागाहून विसळण्यास यजमानाचे हात असमर्थ नसतात. कोजागरीचें आटीव दूध एकदां चारोळी-जायफळ घालून गच्चीवर नेलें, कीं तें आटविणारीहि इतरांबरोबर चंद्राकडे पाहूं शकते.

यावर असें म्हटलें जाईल कीं, श्रमांतच प्रेम असतें आणि पुष्कळ गृहिणींस ऊन पोळी वाढण्यांतच आनंद वाटतो. तो आनंद खोटा आहे, असें माझें म्हणणें नाहीं. परंतु "आज नको" असें म्हणण्याची मुभा ज्या घरांत आहे, तेथेंच त्या आनंदास स्वेच्छेचा म्हणतां येईल. जेथें ती मुभा नाहीं, तेथें आवड कोणती आणि रूढि कोणती, हें बाहेरच्यास कळत नाहीं, आणि कित्येकदां खुद्द तिलाहि कळत नाहीं. अशा घरीं एखादे सायंकाळीं दुकानांतून पेढ्यांचा पुडा आला, तर आतिथ्यास कमीपणा येईल असें मला वाटत नाहीं.

तैत्तिरीय उपनिषदांत विद्या संपवून निघालेल्या शिष्यास अतिथीला देव मानण्याची आज्ञा आहे. ती आपण श्रद्धेनें सांगतों; मग देवाच्या बाबतींत आपण काय करतों, तेंहि लक्षांत ठेवावें. नैवेद्य देवापुढें ठेवला जातो, पण तेथेंच राहत नाहीं. तो प्रसाद होऊन परत येतो आणि घरांतील सर्वांच्या हातांवर पडतो. ज्या हातांनीं तो रांधला, त्यांवरहि.