वावराचं ऋण

बार्शीटाकळीच्या आमच्या वावरात बोंडं भरायला लागली की पऱ्हाटीची खालची पानं लाल पडतात. शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लाल्या म्हणतात त्याला. कारणं बरीच, त्यातलं एक मॅग्नेशियमची कमतरता. हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या मध्यभागी त्याचा एक अणू असतो. कमी पडलं की झाड ते जुन्या पानातून काढून कोवळ्या पानाला देतं.

हा अणू आला कुठून? काळ्या पाषाणातून. आमचं कालंका देवीचं हेमाडपंती मंदिर ज्या दगडात उभं आहे, तो हाच बेसाल्ट. तोच दगड झिजून काळी माती झाली.

माणसाच्या अंगातही सुमारे 25 ग्रॅम मॅग्नेशियम असतं, निम्म्याहून अधिक हाडांत. चितेत ते जळत नाही, राखेत उरतं. बाबांची रक्षा सावडताना मनात आलं, ही राख मातीत मिसळून पुन्हा एखाद्या पानात आली, तर तो पुनर्जन्म का? मला तसं वाटत नाही. अणू कुणाचं पाप-पुण्य नेत नाही, त्याला बाबा आठवत नाहीत. पण अंगातलं मॅग्नेशियम वावरातूनच आलं, ते ऋण मात्र खरं आहे, आणि ते कुठं फिटतं हेही दिसतं. रुई विकली तर वावराचं मॅग्नेशियम फारसं जात नाही, सरकीबरोबर जातं. तिची ढेप गाईनं खाल्ली, शेण उकिरड्यातून वावरात आलं, तर बरंचसं परत येतं. नाहीतर पावसात निसटलेलं पूर्णा-तापीवाटे समुद्राला मिळतं. म्हणून पितृपक्षात मी पान वाढतो, आणि उन्हाळ्यात शेणखताची गाडी वावरात रिकामी करतो. दोन्ही मला श्राद्धच वाटतात.